चूल कुठं पेटती?

जनगणनेच्या बाई दारात आल्या की नाव विचारत नसत, आधी चूल विचारत. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असतील, तर बाई दोन घरं लिहीत. लातूरच्या आमच्या गल्लीत कुणाचं कुणाशी फाटलंय, ते बाईंनाच आधी कळायचं. पण त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

एरवी त्या शाळेत शिकवायच्या. गणतीला निघताना मात्र फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्यानं भरून सोबत घ्यायच्या. म्हणायच्या, "ज्याची घागर रिकामी, त्याला पाव्हण्याची लाज वाटती."

आम्ही दुष्काळात मुखेडकडून आलो ते दोन महिन्यांसाठी. नऊ वर्षं झाली, लातूर जिल्हा होणार म्हणून गल्ली नाचत होती, आणि दाळमिलमध्ये पोती उचलणारे माझे वडील, आमचे दादा, अजून मुखेडचेच होते. बाई आल्या तर म्हणाले, "आमाला लिवू नका. हितं लिवलं की गावचं नाव कटतं. पाऊस पडला की जानार."

"पाऊस पडंस्तोवर चूल कुठं पेटती, भाऊ?"

"हितंच."

"मग मानसं बी हितलीच."

दादांनी घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाईंच्या शाळेत घातलं.

पुढे मीही शिक्षिका झाले आणि गणतीचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाई तेव्हा निवृत्त, एकट्या, गुडघे गेलेले. दोन वेळचा डबा आमच्याकडून दादा नेऊन देत. मी गेले तेव्हाही दादा डबा घेऊन बरोबर होते.

"बाई, चूल कुठं पेटती?" मी चेष्टेनं विचारलं.

"तुमच्या घरी. पण राहते मी इथं. एकटीच लिही, खोटी गणती करू नको."

मला लिहवेना. दादांनी डबा खाली ठेवलाच नाही. "चूल आमची तर मानूस बी आमचं. उद्यापासून डबा यायचा न्हाई. घरी चला."

बाई खूप भांडल्या. तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन आल्या. मग मी आमच्या घरचा फॉर्म भरायला बसले आणि कुटुंबप्रमुखाशी नातं, या रकान्यापाशी अडले.

"भैन लिव," दादा म्हणाले.

"आणि धर्म बौद्धच लिही," बाई म्हणाल्या. "भाऊ मिळाला म्हणून धर्म सोडणार न्हाई मी."

बाई आमच्याच घरात वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा दवाखान्यात कुणीतरी दादांना गाव विचारलं.

"लातूर," दादा म्हणाले. "भैनीचं गाव हाय माझ्या."