आंडेर की आंडोर

आमच्या भागातली पहिली महिला संगणकशास्त्रज्ञ म्हणून पेपरात जिचा फोटो येतो, ती माझी कॉलेजातली मैत्रीण. फोटो दरवेळी तोच: सुती साडी, आखूड कापलेले पांढरे केस. मी केस रंगवते. तिला पांढरे शोभतात, कारण ती शास्त्रज्ञ आहे. मी पांढरे ठेवले तर क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया म्हणतील, मॅडम थकल्या.

धुळ्याला आम्ही एका वर्गात होतो. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे आणि एका यंत्रापुढे दोघींना बसवत. टाइप मी करायची, कारण हात माझा चालायचा. विचार ती करायची. शेवटच्या परीक्षेत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते, हे मी अजूनही लोकांना सांगते. पुढे लग्न होऊन मी जळगावला आले, पिंप्राळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला आणि तो नीट चालवला. ती मुंबईला गेली, मग परदेशात. माणसाचं बोलणं ऐकून ते लिहून काढणारी यंत्रं बनवू लागली. तेव्हा तो विषय कोणाच्या गावी नव्हता, आणि तिच्या टीममध्ये बाई ती एकटीच. तिने चिकाटीने काम केलं, नाव मिळवलं, परत आली. हे सगळं खरं आहे. ते ऐकताना माझ्या पोटात दुखतं, हेही खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "यंत्राला अहिराणी शिकवतेय. अक्कांचं बोलणं रेकॉर्ड करू का गं?"

अक्का म्हणजे माझी माय. धुळ्याकडच्या खेड्यातून आणून मी तिला माझ्याकडे ठेवलीय. भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला येतो. माझ्याशी माय बोलते ते गोळी, गरम पाणी आणि टीव्हीचा आवाज यांपुरतंच. मी जास्त काही विचारलं की म्हणते, "तुले काय करनं शे?" मला वाटलं, हिच्याशीही तेवढंच बोलेल. मी हो म्हटलं.

मैत्रीण आली तशी माय पलंगावर ताठ बसली. "ये वं माय, बठ!" एवढा चढा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मैत्रिणीने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, दार लोटताना म्हणाली, "आणि कुकर नको हं लावूस." माझ्याच घरात मला.

मी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते आणि दाराआड माय बोलत होती. थांबतच नव्हती. लहानपणी घरी कोणाला न सांगता ती चाळीसगावला गेली होती, नुसती आगगाडी बघायला. परत आल्यावर आजोबांनी मारलं नाही, उलट विचारलं, किती डबे होते? आजोबांची ही गोष्ट मला, त्यांच्या नातीला, अशी दाराआडून कळली. दोघी खदखदून हसल्या. मी डाळ धुतली आणि कुकर लावला.

पहिल्या शिट्टीला आतून ओरड आली, "अगं!"

"जेवायचं नाही का कोणी?" मी म्हटलं.

जेवणं झाल्यावर मैत्रिणीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. यंत्राने मायचं बोलणं लिहून काढलं होतं. एक ओळ अशी होती: "मना आंडोर चहामा साखर टाकत नही."

आंडोर म्हणजे मुलगा. भावाने उभ्या जन्मात चहा केलेला नाही. मायची साखर वाढलीय म्हणून तिचा चहा बिनसाखरेचा करते ती मी.

"ऐक," म्हणत मैत्रिणीने मूळ आवाज लावला. माय स्पष्ट म्हणत होती, "मनी आंडेर." आंडेर म्हणजे मुलगी. तक्रार का असेना, ती माझ्याविषयी होती, आणि यंत्राने तीही भावाला देऊन टाकली होती.

"ही चूक सगळीकडे होतेय," मैत्रीण म्हणाली. "आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना ऐकवलं, ते सगळे आंडोराबद्दलच बोलले. यंत्राला तीच सवय लागलीय."

"म्हणजे तुझं यंत्रही खान्देशातलंच निघालं."

ती टाळी देऊन हसली. "हे मी भाषणात सांगणार!" झालं. तेही तिचं.

मग म्हणाली, "एवढं दुरुस्त करून देशील? तुझा हात चालतो."

विचार तिचा, टाइप माझं. पुन्हा तेच. तरी मी हो म्हटलं, पण एका अटीवर: मायचं बठ्ठं, सगळंच्या सगळं बोलणं मला द्यायचं, त्यातला एक शब्दही न कापता. ती लगेच तयार झाली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, याचाही मला राग आला.

आता दुपारी क्लास रिकामा झाला की मी कानाला लावून बसते. आगगाडी किती डब्यांची होती ते मला माहीत आहे. घरी माय मला विचारते, "तुनी मैत्रीण कव्हय ई?" मी म्हणते, इतक्यात नाही येणार, तिला कामं असतात.

आंडोराची आंडेर करत सगळं तपासलं. एका जागी यंत्राने कंसात लिहिलं होतं, गोंगाट. ऐकलं तर माझ्या कुकरची शिट्टी. मी गोंगाट खोडला आणि तिथे टाइप केलं: आंडेर कुकर लावस.

मैत्रिणीने ती दुरुस्ती अजून पकडलेली नाही.