करंजाच्या तेलावर चालणारी गिरणी

शिवा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. ट्रॅक्टरचं नॉझल चांगलं वर्षभर वापरून "हे खराब दिलंत, बदलून द्या" म्हणत होता तो. मी डिझेल पंपाचे सुटे भाग विकतो, त्यामुळं भांडण हा धंद्याचाच भाग झालाय. फोन वीरभद्रअप्पांचा होता, म्हणजे शिवाच्या थोरल्या चुलतभावाचा. "दत्ता, शिवा गेला रे. गिरणीतच गेला. ये लवकर." मी त्या माणसाला नवं नॉझल देऊन टाकलं, शटर ओढलं आणि अहमदपूरच्या गाडीत बसलो. लोहा गेलं, माळेगाव गेलं, मला रडू येईना. फाट्यावर उतरलो. तिथून शिवाच्या गिरणीची पुकपुक ऐकू येते, ती येत नव्हती. त्यात नवल नाही, गावात मयत झालं की माती होईपर्यंत गिरणी बंदच ठेवतात. पण चालता चालता एकदम डोक्यात आलं, की इंजिन बंद कुणी केलं असेल… आणि कसं? मग मात्र पाय भरभर पडायला लागले.

हे वाचणाऱ्याला येडेपणा वाटेल. मित्र मेलाय आणि ह्याला इंजिनाची पडलीय. म्हणून आधी ते सांगून टाकतो. शिवाच्या गिरणीचं इंजिन डिझेलवर सुरू व्हायचं, पण चालायचं करंजाच्या तेलावर. दोन टाक्या, एक लहान डिझेलची, एक मोठी तेलाची, मधे पितळी कॉक. तेलाची नळी त्यानं सायलेन्सरला गुंडाळली होती, म्हणजे तेल तापून पातळ व्हावं. सकाळी डिझेलवर चालू करायचं, इंजिन तापलं की कॉक फिरवून करंजाचं तेल सोडायचं. आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर घेऊन थोडा वेळ तसंच चालू द्यायचं. त्यानं पंपातलं, नळीतलं, नॉझलमधलं जाड तेल जळून जातं. तसं न करता बंद केलं आणि वरून थंडीची रात्र गेली, तर तेल आत थिजतं, डिंकासारखं चिकटतं आणि पंप धरून बसतो. हा "थोडा वेळ" शिवा घड्याळावर मोजत नसे. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून तो "ओम नमः शिवाय"ची एक माळ मनातल्या मनात म्हणायचा. माळ संपली की इंजिन बंद. दळण संपल्यावर कुणी धावत आलं तर बाहेर बसलेल्या बाया सांगायच्या, "आता उद्याच्याला ये बाई, माळ चालू हाय."

मी पोहोचलो तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणं शिवाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती. त्याची बायको, महानंदावहिनी, शेजारी बसल्या होत्या, त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना. वीरभद्रअप्पांना बाजूला घेऊन मी विचारलं, "इंजिन कुणी बंद केलं?"

"म्याच केलं. घरात मयत झालंय अन् गिरणी पुकपुक करायलीय, बरं दिसतंय का?"

"डिझेलवर घेतलं होतं का आधी?"

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरी जेवणच मागितलंय. "दत्ता, तुला आता हे सुचायलंय?"

हाव, सुचत होतं. मी अंगणात, विधीला आलेल्या जंगमस्वामींच्या देखत त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडलो. चारचौघांनी मला धरून बाहेर नेलं. दुःखानं डोकं फिरलंय म्हणाले. दुःखानंच फिरलं होतं, पण बोललो ते खरं होतं. दुपारी शिवाला पालखीत बसवून नेलं, बसलेलाच मातीत ठेवला, वर बेल आणि विभूती. बसलेल्या माणसाला माती देताना बघणं फार कठीण जातं. तो ऐकतोय असं वाटतं. ती रात्र थंडीची होती आणि गिरणीत जायचं कुणाच्या मनात आलं नाही. मलाही कुणी जाऊ दिलं नाही.

शिवा आणि मी अहमदपूरला एका बाकावर शिकलो. अभ्यासात दोघंही यथातथाच. शाळा सुटल्यावर मी नांदेडला सुटे भाग विकायला लागलो, तो वडिलांच्या गिरणीत बसला. त्याला चैन नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. मधे आपल्याकडं मोगली एरंडाची हवा आली होती, आठवत असेल. बांधाबांधावर मोगली एरंड लावा, घरोघर डिझेल पिकवा! शिवानं रान भरून लावला. झाडं मोठी झाली आणि बिया मूठभर. "ओसाड गावी एरंड बळी" म्हणत लोक त्याला भर बाजारात चिडवायचे, त्याचं नावच एरंड्या पडलं. दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता. ह्यानं एरंड उपटला आणि रस्त्याकडच्या करंजाकडं बघायला लागला. "दत्त्या, हे झाड कुणी लावलं न्हाई, कुणी पानी घातलं न्हाई, शेळी खाईना, ढोरं खाईना. शेंगा तशाच पायदळी जायल्यात. आपन येडे हाव का?"

त्याला तेलाचं वेड लागलं त्याचं मूळ मात्र वेगळं होतं. गिरणीच्या बेअरिंगमधून काळं ऑईल झिरपायचं, आणि एकदा ज्वारीच्या पिठात त्याची धार उतरली. दळण एका बाळंतिणीच्या घरचं होतं. तिच्या सासूनं पीठ परत आणून त्याच्या समोर ओतलं आणि निघून गेली. शिवा ते कधी विसरला नाही. त्या दिवसापासून बेअरिंगला एरंडेल. लोक हसले, एरंडेलानं गिरणीला जुलाब होतील म्हणाले. काही झालं नाही. बेअरिंग थंड राहिली, थेंब पडला तरी पोटात जायला हरकत नव्हती. "पोटाला चालतं तेच मशिनीला घालायचं," असा त्याचा हिशेब. तिथून इंजिनाच्या तेलापर्यंत जायला त्याला वेळ लागला नाही.

मला मात्र त्यानं वैताग आणला. किती नॉझलं जाम केली, किती पिस्टनच्या रिंगा काजळीनं धरल्या, दर आठवड्याला हा पिशवीत काहीतरी काळं गुंडाळून दुकानात हजर. "ह्याला काय झालंय बघ." मी म्हणायचो, "ह्याला तू झालायस." पण शेवटी जमवलं त्यानं. तेल कापडातून गाळून गाळून, तापवून, आणि पंपाचं टायमिंग स्वतःच्या कानानं लावून. इंजिनाला कान देऊन बसायचा, पाना किंचित फिरवायचा, पुन्हा कान द्यायचा. एका उन्हाळ्यात ते करंजावर असं सुरेख चालायला लागलं की मीसुद्धा गप्प झालो. धुराला करंजाचा तो कडवट वास यायचा. गावातल्या बाया शेंगा वेचून आणायच्या, तो तेल काढायचा, पेंड शेतात, तेल इंजिनात. लाईट असो नसो, दळण थांबत नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला. कडेची करंजं एका मोसमात गेली, मशीन लावून मुळासकट काढली. शिवा तेव्हा लातूरपर्यंत बोलायला गेला, कुणाकुणाला भेटला, परत येऊन माझ्या दुकानात नुसता बसून राहिला. त्याच सुमाराला त्याचे पाय सुजायला लागले. किडन्या गेल्या होत्या. मग आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला यायचा, झाल्यावर दवाखान्यातून थेट माझ्या दुकानात. "रगत गाळून आलो. माझ्या तेलापेक्षा लई बारीक गाळतेत." त्याला पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून माझा चहा त्याला अर्धाच. गिरणी तोवर वहिनी चालवायच्या. त्यांना सगळं येत होतं, कॉकसुद्धा, माळसुद्धा. फक्त पंपाचं टायमिंग लावायला त्यानं कुणाला शिकवलं नाही. शिकवण्यासारखं नव्हतंच ते, कान दुसऱ्याला कसा द्यायचा? शेवटच्या भेटीत तो अर्धा चहा संपवून म्हणाला, "झाडं गेली. मी बी चाललो. दत्त्या, एवढं सगळं कशापायी केलं रे?" मी म्हणालो, "इंजिन चालू हाय ना अजून." तो हसला. "हाव. तेवढं हाय."

तेवढं हाय. म्हणून मी त्या अंगणात ओरडलो. शिवाचं म्हणून जगात जे उरणार होतं ते त्या पंपात होतं, आणि ते त्याच्या जिवाबरोबर, त्याच्याच घरच्या माणसानं, त्याच्याच मानासाठी बंद केलं होतं. अप्पांना दोष तरी काय देऊ… गावात दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. मयताच्या घरी मशीन चालू ठेवणारा माणूस आमच्याकडं जन्मला नाही.

तिसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी मदत म्हणून हँडल मारलं. इंजिन हलेना, म्हणून तिघांनी मिळून जोर लावला. पंपाचा आतला दांडा मोडला. कंपनीनं तो पंप बनवणं कधीच बंद केलंय. मी नांदेड पालथं घातलं, लातूरची भंगार बाजाराची गल्ली पालथी घातली, धर्माबादला एका बंद पडलेल्या मिलमध्ये तसंच इंजिन आहे म्हणून कळलं तिथं धावलो, तर त्याचाही पंप कुणीतरी नेलेला. घरचे म्हणाले, दुकान कोण बघणार. मी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. शिवाला काही देता येत नव्हतं, निदान हे तरी द्यावं, एवढंच डोक्यात होतं. शेवटी दुसऱ्याच इंजिनाचा पंप आणला, पट्टी कापून, छिद्रं पाडून बसवला.

वहिनींनी शेवटचा डबा जपून ठेवला होता, शिवानं स्वतःच्या हातानं गाळलेलं तेल. तेवढंच. इंजिन डिझेलवर चालू झालं. पुकपुक सुरू झाल्याबरोबर चार बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तापू दिलं. मग वहिनींनी कॉक फिरवला. नळीतून करंजाचं तेल आलं, तो वास आला, मला वाटलं झालं… आणि इंजिन ठोकायला लागलं. काळा धूर, दोन आचके, बंद. मी टायमिंग बदललं. पुन्हा तेच. कान लावून बसलो, पाना इकडं फिरवला, तिकडं फिरवला. शिवाला त्या आवाजात जे ऐकू यायचं ते मला येत नव्हतं, मला नुसता आवाज येत होता. डब्यात तेल तळाला गेलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. डिझेलवर चालू द्या." मी पाना खाली ठेवला आणि तिथंच, पिठात, लहान लेकरासारखा रडलो. गाडीत बसल्यापासून अडलेलं सगळं तेव्हा आलं.

आता गिरणी डिझेलवर चालते. गावाला पीठ मिळतं, कुणाचं काही अडलं नाही. वीरभद्रअप्पा मात्र दळण दुसऱ्या गावाला पाठवतात. समोर आले तर मान खाली घालतात, मीही घालतो.

परवा पंपाची गळती बघायला गेलो होतो. शेवटचं दळण उतरलं, बाया गेल्या, वहिनींनी पट्टा सोडला. इंजिन बंद करतील म्हणून मी हात पुसत उभा राहिलो, तर त्या कॉकपाशी जाऊन थांबल्या. हात गळ्यातल्या लिंगावर. ओठ हलत होते. इंजिन मोकळंच चाललं होतं. मला राहवेना. "वहिनी, आता टाकीत निस्तं डिझेलच हाय. थांबायची गरज न्हाई."

त्यांनी माळ पुरी केली, मगच इंजिन बंद केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी मला ऐकू आलं हुतं, भाऊजी. कॉक न फिरवता बंद झालेलं. म्या एक हाक मारली असती तर अप्पांनी लगेच परत चालू केलं असतं, इंजिन तापलेलंच हुतं. पर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. मला वाटलं, वाइच धुगधुगी हाय अजून… गिरणी गप झाली तर बरंच झालं, नीट ऐकू येईल. म्हनून म्या छातीला कान लावून बसले."

बाहेर अंधारायला लागलं होतं. काहीच ऐकू आलं नाही का, हे मी त्यांना विचारलं नाही.