कोपऱ्यातली तार

टण्ण! माघातल्या गार सकाळी द्राक्षबागेच्या मांडवाची ताणलेली तार बोटाने छेडली की तिचा नाद आधी कानात शिरतो आणि मग थेट पाठीच्या मणक्यांतून खाली उतरतो. अतिशयोक्ती वाटते? माझ्या बोलण्यात निम्मे तरी सत्य असते, हे आमचे कुटुंबसुद्धा मान्य करते!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी कंबर गेली. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा मी, एकदा वाकलो तो वाकलेलाच राहिलो. माझे कण्हणे म्हणे मनमाडच्या फलाटावर ऐकू जाई आणि शिट्टी समजून गाड्या सुटत! लेपांच्या दरवळाने बसमध्ये माझ्या शेजारची जागा सदैव रिकामी. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येईना: रजा संपत आली होती. आयुष्यभरात माझे हात ज्या एकाच विद्येत शहाणे झाले होते, ती विद्याच आता हातची जाणार होती.

त्याच हिवाळ्यात घडांच्या भाराने आमच्या अर्ध्या एकराच्या मांडवाला मधोमध झोळ पडला. मी बांबूचा टेकू दिला. झोळ शेजारी सरकला. असे सात बांबू झाले, तेव्हा गावोगाव मांडव उभारण्यात हयात घालवलेल्या धोंडूमामांना बोलावले. मामांनी झोळाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते तडक दूरच्या कोपऱ्यात गेले. मी म्हणालो, "मामा, झोळ मधे आहे, तुम्ही तिकडे कुठे?" मामा खाली बसले. "झोळ तिथं हाय, दुखणं हितं हाय. तारेला धरणारा गाडलेला दगड वर आलाय. पाण्याचा चर याच्या बुडाशी कुणी खणला?" मीच खणला होता, दुसरे कोण! "लय शहाणा! अन् बांबू ठोकत बसला तिकडं." मग माझ्या कंबरेला आवळलेल्या डॉक्टरी पट्ट्याकडे पाहून म्हणाले, "कंबरेलाबी बांबूच बांधलाय व्हय रं? अन् डावा पाय असा का टाकतोस?"

दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून घोटा मुरगळला होता. मी तो केव्हाच विसरलो होतो. शरीर मात्र विसरले नव्हते!

मला कंबरेचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ही मांडवाची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी हसत खणातून एक खेळणे काढले: रबरांच्या जाळ्यात तरंगणाऱ्या सहा काड्या, एकही दुसरीला न टेकलेली. एक रबर ओढले आणि सारा डोलारा कलला. "काका, हाडं विटांसारखी रचलेली नसतात. ताणांनी तोललेली असतात. प्रत्येकाच्या कंबरेचं मूळ घोट्यात नसतं हं; पण तुमचा घोटा पाहू." त्यांनी घोट्यापासून आरंभ केला. सुटी वाढवून घेऊन तीन महिन्यांनी मी लेथसमोर ताठ उभा राहिलो, आणि पहिली पाळी संपेतो पट्ट्याची आठवणही झाली नाही.

ज्या कंबरेला मी शिव्यांची लाखोली वाहिली, ती बिचारी दोन वर्षे घोट्याच्या वाटचे ओझे मुकाट वाहत होती! वेदना म्हणजे अपराध्याचे घर नव्हे. ते बहुधा सर्वांत सोशिक शेजाऱ्याचे दार असते. मी मात्र त्या दारावर सात बांबू ठोकले होते.

मामा आता नाहीत. त्यांनी पुन्हा गाडलेला दगड अजून जागचा हललेला नाही. रोज सकाळी मी आधी त्या कोपऱ्यात जातो, तार छेडतो, आणि तिचा नाद विरेपर्यंत डावा घोटा हळूच फिरवतो. एक बांबू मात्र मांडवाखाली तसाच उभा ठेवला आहे. आता वरच्या तारेला न टेकलेला.