गार की गरम

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एसीच्या गॅसचं प्रेशर मोजायचं गेज खिळ्याला टांगलेलं आहे. घेतलं तेव्हा होतं तसंच, कोरं करकरीत. मी दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसायची आणि दर आठवड्याला ह्यांना म्हणायची, "अहो, वापरायचं नव्हतं तर घेतलंत कशाला?" ह्यांचं उत्तर ठरलेलं. उजवा पंजा वर करून उलटसुलट दाखवायचा आणि म्हणायचं, "हे काय, माझं गेज मी वापरतोय की!"

गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला की लोक ह्यांच्याकडे यायचे. बॉनेट उघडून हे एका हातात जाड पाईप धरायचे, दुसऱ्यात बारीक, आणि डोळे मिटायचे. जाड गार लागला पाहिजे, बारीक गरम. तेवढ्यावरून सांगायचे, गॅस कमी आहे, की कॉम्प्रेसर बसलाय, की पुढचा पंखाच फिरत नाही. काम झालं की आत बसून एसीच्या जाळीपुढे हात धरायचे, मग बाहेर येऊन बॉनेटवर थाप मारायची आणि ओरडायचं, "गारेगार!" लहानमोठे सगळे ह्यांना गारेगारकाकाच म्हणतात.

शिक्षण म्हणाल तर यथातथाच. जे काही होतं ते त्या हातात. तो हात आहे तोवर गॅरेज आहे, आणि गॅरेज आहे तोवर हे माणूस म्हणून धड आहेत, हे मला फार आधी कळलं होतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी माझा हात हातात घेतला. आता काहीतरी गोड बोलतील म्हणून मी मान खाली घालून बसले, तर म्हणतात कसे, "अगं, तुला ताप आहे." मी म्हटलं, काहीतरीच काय! संध्याकाळी सणसणून ताप भरला.

यंदाच्या उन्हाळ्यात एक व्हॅनवाला आला. वृद्धाश्रमातल्या माणसांना दवाखान्यात नेतो-आणतो. "काका, एसी गरम येतोय," एवढं बोलला आणि बाकावर जाऊन बसला. ह्या बाबाच्या तोंडावरची माशी हलेल तर शपथ! हसणं नाही, वैतागणं नाही, काही नाही. हे गॅस भरायला लागले. जाळीपुढे हात धरला, त्याला शेजारी बोलावून बसवलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा थोडा गॅस, पुन्हा हात, पुन्हा त्याच्या तोंडाकडे. मी टेबलाशी बसून बघत होते. मला वाटलं, गिऱ्हाईकाला बोलतं करायचा प्रयत्न चाललाय. शेवटी एकदाचं "गारेगार" झालं, पण थाप काही पडली नाही.

तीन दिवसांनी व्हॅन परत दारात. "काका, आधीपेक्षा जास्त गरम येतंय." ह्यांनी अख्खी दुपार घालवली. सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं, फिल्टर बदलला, पंखा तपासला. गळती कुठे सापडेना. मग पुन्हा थोडा गॅस. मी म्हटलं, "गेज लावून बघा की एकदा." तर माझ्यावरच खेकसले. मीही कमी नाही, दोन दिवस बोलले नाही.

आता मागचं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. वर्षभर ह्यांची चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि हे तसेच पुढे चालत जायचे. मी हसायची. चार महिन्यांपूर्वी तळहाताला टपोरा फोड आला होता, गरम पाईपचा. "लक्ष नव्हतं," म्हणाले. साखर आहे ह्यांना, गोळ्या मीच काढून देते. आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

तिसऱ्यांदा व्हॅन आली ती भर दुपारी. व्हॅनवाला खाली उतरला आणि त्याच कोऱ्या तोंडाने म्हणाला, "काका, आज एक आजी गाडीत बेशुद्ध पडल्या. आता बऱ्या आहेत. दवाखान्यात ठेवलंय."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तसेच आत बसले, इंजिन चालू केलं, हात जाळीपुढे. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "आता येतंय की. गार येतंय."

मी पुढे होऊन हात आत घातला. भाजेल अशी हवा! उन्हातल्या पत्र्यावरून वारा यावा तशी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा हात माझ्या हाताला लागून होता, त्याच हवेत. आणि हे माझं तोंड वाचत होते.

तेव्हा कळलं. हे हात धरायचे ते नुसतं दाखवायला. खरं बघायचे गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे. गार लागलं की माणसाचा चेहरा सैल पडतो, तो पडला की "गारेगार". किती दिवस असं ढकललं कोण जाणे. नेमकं ह्या व्हॅनवाल्याचं तोंड काही सांगेना, म्हणून गॅस भरतच गेले. आणि जास्त झालेल्या गॅसनेही एसी गरमच हवा टाकतो, हे ह्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं.

मी जाऊन खिळ्यावरचं गेज काढलं आणि ह्यांच्या पुढे धरलं. भांडले नाहीत. गेज लावलं तर काटा लाल पट्टीच्याही पुढे गेला. व्हॅनवाला बघत होता. ह्यांनी रिकामी टाकी जोडली आणि जास्तीचा गॅस थोडा थोडा काढून घेतला. मी आत बसले, दोन्ही हात जाळीवर ठेवून. गरम. कोमट. जरा बरं. मग गार, चांगलं गार. "बस, थांबा!" मी ओरडले.

"नक्की?" ह्यांनी विचारलं. गिऱ्हाईकासमोर. माझ्या माहितीत पहिल्यांदा.

"नक्की."

व्हॅन गेली. हे बाकावर बसले, हात मांडीवर ठेवून, कुणाचं तरी सामान सांभाळायला दिल्यासारखे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पायाचं जुनं आहे. हाताचं वर्ष होईल."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"जाऊन आलो. म्हणाले, साखरेने झालंय. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका."

मग मात्र माझा ताबा सुटला. "एकट्याने जाऊन आलात? मी मेले होते का? मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"काय सांगू?" हे म्हणाले. "की आता मला कळत नाही?"

गेज वापरू, मी शेजारी बसेन, मी सांगेन गार की गरम. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो माणूस हाताकडे बघत बसला होता आणि त्या हाताला मी काहीही करू शकत नव्हते. तेल चोळून होण्यातलं नव्हतं, नवस बोलून होण्यातलं नव्हतं. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

मी शेजारी बसले. माझे हात अजून जाळीवरच्यासारखेच गार होते, बोटं बर्फ झालेली. त्यातला एक मी ह्यांच्या हातात दिला.

"सांगा. गार की गरम?"

मनाशी ठरवलं होतं, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. त्या व्हॅनवाल्यासारखं बसायचं. ह्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच होते. मग उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला कुठलं जमतंय! डोळे लाल, नाक लाल, गाल पेटलेले.

"गरम," हे म्हणाले. "अगं, तुला ताप आहे."

"हो," मी म्हटलं. "थोडा आहे."