बिनदाताच्या डायनासोरांची जागा

दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षे झाली असतील. माझी धाकटी नणंद वाटूरच्या शाळेत नववीला होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने डायनासोरांची वंशावळ करायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता शाळेत द्यायचा होता आणि मोठा कागद एकच, तोही परतूरहून मागवलेला.

गुरुजींच्या मासिकातून तिने चित्रे उतरवून कापून ठेवली होती. लांब मान, लांब पाय, बारके डोके. अगदी शहामृगच, फक्त मागे लांब शेपूट आणि पंखांच्या जागी हात. मी चौथी शिकलेली, पण तिच्या तोंडून हे ऐकायला मला फार आवडे. ती सांगे, भावकी हाडांवरून ठरते, नुसत्या रूपावरून नाही.

थोरले वर चिकटवा, धाकटे खाली, एवढे सांगून ती पाण्याला गेली. थोरले कोणते, हे सांगायचे राहिले. मी पिठाची खळ घेऊन बसले तशा सासूबाई जवळ सरकल्या. त्यांचे स्वतःचे दात कधीच गेलेले. त्यांनी एक चित्र उचलले.

"ह्याला दात न्हाईत. म्हंजी हाच म्हातारा. वर बसव त्याला."

मलाही ते बराबर वाटले. बिनदाताचे, चोचीवाले सगळे वर गेले, दातवाले खाली.

नणंदेने घागर डोक्यावर असतानाच तक्ता पाहिला. "वहिनी, उलटं झालं. दातवाले आधीचे. बिनदाताचे त्यांच्यापासून मागून झाले."

"जन्मापासूनच दात न्हाईत?" सासूबाईंनी विचारले.

"न्हाईत. चोच होती त्यांना."

"मंग माझ्यापरीस बरे."

नणंद हसली नाही. तिचे डोळे भरून आले. खळ वाळली होती, मी चित्र ओढले की फाटत होते.

सासूबाईंसमोर मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी तोंडून निघून गेले, "ताई, झाड काढा ना. मूळ खालीच असतं."

तिने घागर उंबऱ्याशी टेकवली. मग रंगाच्या पेन्सिली घेऊन बसली. दातवाल्यांपासून बुंधा निघाला, वर फांद्या फुटल्या, चोचीवाले सगळे एका फांदीवर आले. एक शहामृग काढून त्याला तिने लांब दुसऱ्या फांदीवर बसवले, दूरच्या पाहुण्यासारखे. सासूबाईंनी पाने हिरवी करायला लावली.

प्रदर्शनात तक्ता दारासमोरच लागला होता. मी पदर ओढून भिंतीशी उभी होते. एका अनोळखी बाईने मलाच विचारले, हे कुणाचे कोण. मी मान खाली घालून बुंध्यापासून सुरुवात केली, आणि पार शेंड्यापर्यंत सांगूनच थांबले.