बकुळीखालच्या चपला

आईच्या डाव्या पायाची करंगळी एका बाभळीच्या काट्यापायी गेली. साखरेमुळे तिच्या तळपायांची जाणीव गेली आहे. काटा रुतला तेव्हा तिला कळलं नाही आणि मला कळलं तोवर बोट काळं पडलं होतं. ते काढल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यापुढे हिला एक पाऊलसुद्धा अनवाणी टाकू द्यायचं नाही, अगदी घरातही नाही. पुढची जखम बोटावर भागणार नाही, असंही म्हणाले. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघते. माझा नवरा शिरोलीला फौंड्रीत आहे. तिथं बुटाशिवाय कुणाला गेटातून आत सोडत नाहीत. तो म्हणतो, गेटावर तुलाच बसवायला पाहिजे.

असं सगळं असताना आईनं बंगला बघायचा धोशा लावला. कागलच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं, की माळावर एका जहागीरदारांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधलेला जुना बंगला आहे. भोवती मोठी बाग. आईचे वडील त्या बागेत माळी होते. लहानपणी ती रोज दुपारी त्यांची भाकरी घेऊन जायची. मधली कितीतरी वर्षं बंगला बंदच होता. अलीकडे वारसांनी तो दुरुस्त करून घेतला आणि तिकीट लावून लोकांना खुला केला. शेजारणीनं आईला मोबाईलवर त्याचे फोटो दाखवले आणि माझ्या मागे काम लावून दिलं.

मी दोन महिने टाळलं. थंडी आहे, परीक्षा आहेत, गाडीचं काम निघालंय, काय वाटेल ते सांगितलं. आई वाद घालत नाही. ती फक्त जेवताना गप्प बसते. शेवटी मार्च संपता संपता मी वैतागून हो म्हटलं, आणि थंडीत टाळलेलं नेमकं उन्हात करायची वेळ आली.

तयारी मात्र अशी केली, की जणू काशीला निघालोय. पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं, साखर कमी झाली तर गूळ, गोळ्या, छत्री. आधी फोन करून विचारून घेतलं होतं. बंगल्यात लाकडी जमीन आहे म्हणून व्हरांड्यातच चपला काढाव्या लागतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणून जाड मोजेही घेतले. आई गाडीतून उतरली तेव्हा तिच्या मऊ तळाच्या डॉक्टरी चपला नीट बसल्यात ना, ते मी वाकून बघितलं. तिथं काही चुकलं नव्हतं. माझी चूक पुढच्या पाच मिनिटांतली.

गेटाबाहेर एक जुनी बकूळ आहे आणि तिच्यापलीकडे तिकिटाची खिडकी. खिडकीपाशी रांग होती. आई म्हणाली, तू तिकिटं काढ, मी आलो की. मी तिकिटं काढून वळले तर ती गेटात माझी वाट बघत उभी होती. खास दिवस म्हणून ती इरकल नेसली होती. तिच्या लुगड्याचा काठ जमिनीला टेकत होता. मी तिचा घाम बघितला, ओठ कोरडे पडलेत का ते बघितलं आणि छत्री उघडली.

बंगला नंतर, आधी बाग, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. आत शिरल्यावर ती माझ्या पुढं चालायला लागली. एरवी हळूहळू चालणारी बाई अशी सुटलेली बघून माझा जीव वर-खाली होत होता. हिरवळ आता आहे तिथं पूर्वी गुलाबाचे ताटवे होते, म्हणाली. आंब्याची ती रांग तिच्या वडिलांनी लावलेली. वाटेवरच्या काळ्या फरश्या तापून निघाल्या होत्या. माझ्या चपलांमधूनसुद्धा धग लागत होती, आणि मी तिला म्हटलंही, की कडेच्या गवतातून चाल. ती म्हणाली, गवतात पाय द्यायचा नसतो.

हौदापाशी ती बराच वेळ उभी राहिली. भाकरी द्यायला ती इथवरच यायची. वडील हौदाच्या सावलीला बसून जेवायचे आणि ती समोरच्या बंगल्याच्या खिडक्यांकडे बघत राहायची. पडदे हलायचे, पण आतलं काही दिसायचं नाही. ह्या खिडक्यांच्या आत काय आहे, ते तिला मरायच्या आधी एकदा बघायचं होतं. एवढंच. मी घड्याळ बघत होते. पाऊण तास झाला होता. बिस्कीट खा म्हटलं, तर खाल्लं.

मग आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्यांशी आलो. मी पर्समधून मोजे काढले, तिला पायरीवर बसवलं, खाली बसून लुगड्याचा काठ वर केला. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

तळपाय धुळीनं काळे झाले होते. मी बाटलीतलं पाणी ओतलं. डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड टरारून आला होता आणि त्याच्या कडेची कातडी पांढरी पडली होती. मी त्याला बोट लावलं तरी आई बागेकडेच बघत होती. करंगळीच्या वेळी त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचा पाय गुडघ्यापासून नव्हता. मला तीच दिसायला लागली.

मी ओरडले. चारचौघांत, सत्तरीतल्या आईवर, शाळेत पोरांवर ओरडते तशी. चपला कुठं आहेत, तुला अक्कल आहे का, असं काय काय बोलले. लोक वळून बघत होते. आई म्हणाली, "चपला घालून आत कोण येतंय व्हय?"

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं, फार साधेपणानं. बागेत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गेटाच्या आत पायांत काही घालायचं नाही, अशी तिथली रीत होती. वडील भर उन्हात ह्याच फरश्यांवर अनवाणी असायचे. ती पोरगी असताना चपला बकुळीखाली ठेवून आत यायची. आजही बकूळ दिसली आणि तिनं त्या काढल्या. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं. "मला भाजलं न्हाय की," एवढं ती वर म्हणाली.

मी धावत गेटाकडे गेले. चपला बकुळीच्या बुंध्याशी एकीवर एक पालथ्या ठेवलेल्या होत्या, वर वाळका पाला टाकून झाकलेल्या. सातआठ वर्षांची पोर लपवील तशा. त्या उचलताना मला रडू आलं. राग कुणाचा करायचा ते कळेना. आईचा नव्हता, एवढं तेव्हा कळलं.

बंगला न बघताच आम्ही थेट दवाखाना गाठला. पुढचे दोन महिने मी नीट जेवले नाही. एक दिवसाआड ड्रेसिंग. पट्टी सुटायची तेव्हा मी नर्सच्या चेहऱ्याकडे बघायची, कारण जखमेकडे बघायचा धीर नव्हता. पहाटे उठून आईच्या पायाला वास येतो का, ते हुंगायची. ती जागी असायची आणि पाय ओढून घ्यायची. लेकीनं पायाला हात लावायचा, हे तिला कधीच रुचलं नाही. मधे एकदा पू धरला तेव्हा डॉक्टर नुसतं बघू म्हणाले, आणि त्या दोन शब्दांनी माझी आठवडाभराची झोप गेली. पण भरली. पावसाळा लागता लागता जखम भरली आणि पाय राहिला.

दिवाळीनंतर आई जेवताना पुन्हा गप्प बसायला लागली. ह्या वेळी मी टाळलं नाही. मागं पट्टा आणि बक्कल असलेले सँडल आणले, वाकल्याशिवाय सुटणार नाहीत असे. सकाळी आठलाच निघालो.

बकुळीपाशी ती थांबली. मी खाली बसून दोन्ही बकलं तपासली. ती म्हणाली, "कोण बोललं तर?"

कोण बोलणार, सगळे घालूनच जातात, मी म्हटलं. तिनं माझा हात धरला. इतके महिने मला वाटत होतं, की भीती काय ती मलाच आहे. तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. एकेक फरशी ती अंदाज घेत ओलांडत होती आणि नजर सारखी व्हरांड्याकडे. तिथून कुणी हाक मारील म्हणून तिचे खांदे आखडले होते. तिथं एक रखवालदार खुर्चीत पेपर वाचत बसला होता. हौदापर्यंत आलो. त्यानं पान उलटलं.

"कोण काय बोललं न्हाय की," ती अगदी हळू म्हणाली.

पायऱ्यांशी पोचलो तेव्हा त्यानं पेपर खाली केला. मावशी, चपला हितं काढा, म्हणाला. आई जागच्या जागी थिजली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनंच विचारलं, "सगळ्यांनीच काढायच्या व्हय?"

सगळ्यांनीच, तो म्हणाला, आणि कडेला बोट दाखवलं. तिथं पुण्याकडच्या कुणा पाहुण्यांचे चकचकीत बूट होते, पोरांचे स्पोर्ट शूज होते, एक जोड खुद्द मालकांचा असल्याचंही त्यानं सांगितलं. आईनं ते सगळे नीट बघून घेतले. मग पायरीवर बसली. मी बकलं सोडली, आणि तिचे सँडल तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतः त्या रांगेत, मधोमध ठेवले.

मी पर्समधून मोजे काढले. ह्या वेळी मला पाय मागावा लागला नाही. तिनंच तो पुढं केला.