खुबा बदलला, पण बैठक गेली

फरशी बसवणाऱ्यांत त्याला सगळे बैठकमास्तर म्हणत. खुर्ची पुढे केली तरी स्वारी आपली उकिडवी! डबासुद्धा तशीच बसून खायची.

मग उजवा गुडघा दुखायला लागला. आता या धंद्यात गुडघा कुणाचा दुखत नाही हो? त्यानं गुडघ्याखालची गादी बदलली, बायकोनं तेल चोळलं, मेहुण्यानं पट्टा आणून दिला. वर्ष गेलं त्यात. आणि दुखणं निघालं खुब्यात! जखम मांडीला, मलम शेंडीला.

एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यात ना? त्यानं कधीकधी होतं असं. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, हाड आतून मेलं. कळ मात्र गुडघ्यात येते."

"मग उपाय?"

"लवकर आला असतात तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी केला असता. कदाचित वाचलंही असतं. आता ते खचलंय. औषधं आणि काठीवर दिवस काढा, नाहीतर सांधा बदला. चालाल छान. पण उकिडवं बसणं विसरा."

"अहो बाई, मग मी करू काय?"

काठीवर काढले त्यानं बरेच दिवस. कूस बदलताना ओरडायचा. शेवटी बायको रडली, "मला माणूस धड हवाय, तुमच्या फरश्या गेल्या खड्ड्यात!" तेव्हा कुठे तयार झाला.

ऑपरेशन झकास झालं. कळ गेली, काठी सुटली. ज्याला त्याला हा चालून दाखवायचा. पण एकटा असला की मन कामावर पळायचं.

मेहुणाही याच धंद्यातला; एकदा न राहवून त्याच्या कामावर गेला. ओल्या सिमेंटचा वास आला आणि हात असे शिवशिवले म्हणता! सवयीनं गडी खाली वाकायला गेला.

"दाजी, अहो दाजी!" मेहुण्यानं दंड धरला, खुर्चीत बसवलं.

"फरश्यांच्या सांध्यावरून हात फिरवू दे रे. एकदाच."

मेहुण्याला त्याला खाली तर वाकू देता येईना. त्यानं बिचाऱ्यानं एक कोरी फरशी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मास्तरनं तळहात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"एकट्या फरशीला कसला आलाय सांधा?" तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.